दोन देशांची बैठक

कारभारीमामांना बोलावणं गेलं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, असं औताड्यांच्या घरात समजलं जायचं. शेंद्र्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि मोबदल्यावरून चुलत्यापुतण्यांत जुंपली, तेव्हा मामा आले. शिवमनं शेती सोडून शहागंजात पाण्याच्या मोटारींचं दुकान टाकायचं म्हणून अन्नपाणी सोडलं, तेव्हा मामा आले. धाकट्या शिवराजनं श्रेयाशी परस्पर लग्न ठरवलं, तेव्हा तर मामा बोलावण्याचीही वाट न बघता आले आणि आठवडाभर जेवून गेले.

मामांना फैसला करायची एकच पद्धत ठाऊक होती, ती म्हणजे सोयरिकीची बैठक. भांडण जमिनीचं असो की दुकानाचं, ते दोन बाजू समोरासमोर बसवत, मधे आपण बसत, आणि कोण काय देणार, कोण काय घेणार ते वदवून घेत. या पद्धतीनं त्यांनी उभ्या हयातीत बरीच लग्नं जुळवली होती. त्यातली काही टिकलीही होती.

या खेपेला त्यांना फोन सुरेखानं केला. सुरेखा शिवमची बायको, शाळेत शिक्षिका. दिवसभर वर्गातली भांडणं सोडवून तिची हौस फिटलेली असायची, त्यामुळे घरातल्या भांडणात ती सहसा पडत नसे. पण गेल्या रविवारी जेवताना शिवराजनं कढीचा भुरका मारत जाहीर केलं की, कॅनडाला परत जाताना तो आईला घेऊन जाणार. मागच्यासारखं सहा महिने फिरायला नाही. पाच वर्षांचा व्हिसा आलेला आहे, पुढचं पुढं बघू. त्या रविवारपासून शिवम भावाशी एक शब्द बोलला नव्हता. टीव्हीवर कुठं बर्फाचं वादळ दाखवायला लागले की तो आवाज मोठा करायचा, एवढंच.

मामा आले, पाय धुतले, आणि पुंडलिकनगरच्या त्या हॉलकडे एक नजर टाकून म्हणाले, "सोफा खिडकीकडं सरकवा. कॅनडाकडले तिथं बसतील. भारताकडले दिवाणावर. मला मधी खुर्ची द्या, टेकायला उशी द्या."

"मामा, हे लग्न नाहीये," शिवराज म्हणाला.

"मग काय हाय? एका घरचं माणूस दुसऱ्या घरी न्यायचं म्हणतूस ना तू? याला आमच्यात सोयरीकच म्हणतेत. आशा कुठंय?"

आशाबाई स्वयंपाकघरात होत्या. चहा ठेवत होत्या. वय सहासष्ट, मामांची धाकटी बहीण, दोन्ही पोरांची आई आणि आजच्या भांडणाचा मुद्दा.

"आशा, दस्तुराप्रमाणं मुलगी आत बसती," मामा म्हणाले. "पर तुझं वय झालं. तू भाईर बसलीस तरी चालंल. चहा सुना करतील."

"आज पाणी येणार हाय," आशाबाई म्हणाल्या. "मी इथं बसले तर..."

"पाणी काय पळून जातंय का? बस."

पाणी पळून जातं, हे त्या गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा सुटायचं, आणि जेमतेम पाऊण तास राहायचं. पण मामा खेड्यात राहत होते आणि त्यांच्याकडे विहीर होती. आशाबाई पदर सावरून भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. कोणत्याच बाजूला नाही, दाराजवळ.

*

सोळा वर्षांच्या संसारात सुरेखानं सासू घरात असताना चहा असा क्वचितच केला होता. कॅनडाहून आल्यावर आशाबाईंनी डबे पुन्हा आपल्या पद्धतीनं लावले होते; पत्तीच्या डब्यात तिला साबुदाणा सापडला, साबुदाण्याच्या डब्यात शेंगदाण्याचा कूट.

"तुम्ही इथंच राहता ना ताई?" श्रेया म्हणाली. बाळाला झोपवून ती नुकतीच आत आली होती.

"राहते. सकाळी सातला निघते, पाचला येते, तेव्हा चहा तयार असतो. तेवढंच राहते." सुरेखानं चौथा डबा उघडला. "तू घेऊन चाललीस ना त्यांना. आता शिकेन सगळं."

श्रेयानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी नाही घेऊन चाललेय. ते घेऊन चाललेत."

"म्हणजे?"

"मागच्या वेळी, बाळ व्हायच्या आधी, आई सहा महिने होत्या ना. पहिल्या आठवड्यात डब्यांच्या जागा बदलल्या. दुसऱ्या आठवड्यात पडदे धुतले. नंतर मी माझ्याच घरात मीठ कुठंय विचारत फिरायचे. वाईट नाहीत हो त्या. पण दोन खोल्यांचं घर आणि बाहेर उणे तीस. जाणार कुठं माणूस?"

सुरेखाला हसू आलं आणि रागही आला. हिला सहा महिन्यांत एवढं कळलं, आपण सोळा वर्षं पाहुण्यासारख्या राहिलो आणि त्याला सुख म्हणत आलो. पण रागावण्यापेक्षा तिला भीती जास्त वाटत होती. मागच्या खेपेला सहा महिने तिनं बिनपगारी रजेवर काढले होते, पण पाच वर्षांची रजा कोणी देत नसतं. सासू गेली तर सकाळचे डबे, पोरांच्या शिकवण्या, गिरणी, गॅसवाला, पाणीवाला हे सगळं तिच्या अंगावर येणार होतं, आणि मग नोकरी सोडायची वेळ तिच्यावर येणार होती, शिवमवर नाही. हे तिनं मामांना फोनवर सांगितलं नव्हतं. फोनवर ती म्हणाली होती, "आईंचे हाल होतील हो तिकडं."

"पण बाळाला सांभाळायला कोणी नाही म्हणून नेताय ना?"

"पाळणाघरात नंबर लागलाय. कधीच लागला. यांना माहितीये." श्रेयानं कप पुसायला घेतले. "मी बाहेर भारताच्या बाजूनं बोलले तर तुम्ही चकित झाल्यासारखं करू नका."

सुरेखाला पत्ती सापडली. बेसन लिहिलेल्या डब्यात होती.

*

"तर आता कॅनडाकडल्यांनी सांगावं," मामांनी सुपारी कातरत सुरुवात केली, "तुमच्याकडं काय हाय?"

शिवराजनं तयारी केली होती. अकरा वर्षं तो कॅनडातल्या विनिपेगमध्ये मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता आणि मीटिंगमध्ये मुद्दे कसे मांडायचे याचं त्याला वळण होतं. "पहिली गोष्ट, पाणी. नळ उघडला की पाणी. दिवसा, रात्री, कधीही. प्यायचंही तेच. दुसरी गोष्ट, हवा. आईचा खोकला तिथं सहा महिने झाला नाही. तिसरी..."

"खोकला कसा होईल?" शिवम म्हणाला. भावाशी नाही, मामांशी. "मामा, याला विचारा, थंडीच्या दिवसांत तिथं माणूस घराबाहेर पडतो का. बंद डब्यात ठेवलेल्या लोणच्याला खोकला येत नसतो."

"माझ्याशी बोल ना दादा, मी समोर बसलोय."

"मामा, याला सांगा मी बैठकीत बोलू राह्यलो."

"बोलला तो," मामा म्हणाले. "भारताकडलं काय हाय ते सांग."

शिवम दिवाणावर पुढं सरकला. आठवडाभर साठवलेलं होतं. "आपल्याकडं डॉक्टर हाय. पोट दुखलं की खाली उतरायचं, कोपऱ्यावर दवाखाना. मागच्या वर्षी यांच्या बाळाचा कान दुखत होता तर हा नऊ तास दवाखान्यात बसला होता मामा. नऊ तास. तिथून मला फोन करून रडत होता. मी इथं आपल्या डॉक्टरला विचारून औषध सांगितलं याला."

"मी रडत नव्हतो."

"आवाज तसा येत होता."

"नेटवर्क खराब होतं."

"म्हणजे नेटवर्क पण खराब हाय," शिवम मामांना म्हणाला.

शिवराज चिडला. खरं तर तो त्या रात्री रडलाच होता. "आणि इथं? दादा, परवा आई मंडईतून आली तर चपलेत गटाराचं पाणी. फूटपाथ नाही, होता तिथं गाड्या लावलेल्या. गल्लीतली कुत्री मागं लागतात. उद्या पडली, हाड मोडलं, तर?"

"पडली तर उचलायला दहा जण धावतील. तुझ्याकडं पडली तर बर्फात सापडायला मार्च उजाडेल."

"तिथं लोक शिस्तीत..."

"शिस्तीचं काय करायचंय? तिथं माणूस मेलं तर खांदा द्यायला चार लोक गोळा व्हायला शनिवार यावा लागतो."

"शनिवारच काहून?" मामांना खरोखर उत्सुकता वाटली.

"सुट्टी असती त्यांना."

"मंगळवारी मेलं तर?"

"ठेवतेत. थंडी हायेच."

मामांना खोकल्यासारखं हसू आलं. ते त्यांनी उपरण्यात आवरलं, कारण मध्यस्थानं हसायचं नसतं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. आपल्या मरणाची तजवीज ऐकत आशाबाई शांत बसल्या होत्या. सुनांनी आणलेला चहा त्यांनी एक घोट घेऊन खाली ठेवला होता.

"मी एक बोलू?" श्रेया म्हणाली. ती सोफ्यावर नवऱ्याशेजारी बसली होती. "भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे. इथं भाजी दारात येते. शेजारी विचारपूस करतात. कपडे इस्त्री होऊन येतात. सणाला घर भरलेलं असतं. तिथं सगळं आपलं आपण करायचं. आईंना इथंच बरं आहे."

शिवराजनं मान वळवून बायकोकडे पाहिलं. शिवमनंही पाहिलं, आणि विरुद्ध बाजूनं अशी कुमक येईल असं वाटलं नसल्यानं तो आपला पुढचा मुद्दा विसरला. सुरेखानं ठरल्याप्रमाणं चकित न होण्याचा प्रयत्न केला आणि त्यात ती फारच चकित दिसली.

"श्रेया, बाळाचं काय?" शिवराज म्हणाला.

"पाळणाघर आहे ना बाळाला."

"पाळणाघर मिळालं तुमाला?" शिवम पहिल्यांदाच थेट भावाला म्हणाला. "मग माय कशाला पाहिजे तुला?"

शिवराजनं कप उचलला, त्यात चहा नव्हता, तरी त्यानं तो तोंडाला लावला.

"मी घरी येतो ना," तो म्हणाला, "साडेपाचला. थंडीत तेव्हा अंधार पडलेला असतो. कुलूप उघडतो, दिवा लावतो. श्रेया बाळाला घेऊन सहाला येते. त्या अर्ध्या तासात मला असं वाटतं की मी इथं काय करतोय. आई होती तेव्हा दार उघडायच्या आधी फोडणीचा वास यायचा. जिन्यात. बस. एवढंच आहे माझं. एकटं वाटतं मला तिथं. अकरा वर्षं झाली तरी वाटतं."

"मग परत ये," शिवम म्हणाला.

"परत येऊन काय करू? तुझ्या मोटारी विकू?"

"त्याला बी अक्कल लागती."

भांडण पुन्हा रुळावर आलेलं पाहून मामांना हायसं वाटलं. रडारडीत त्यांना फैसला करता येत नसे.

*

"ऐका," मामा म्हणाले, "दोन्हीकडलं स्थळ चांगलं हाय. तिकडं पाणी हाय, इकडं माणसं हायेत. तिकडं हवा हाय, इकडं डॉक्टर हाय. मी एक तोडगा सांगतो. आपल्याकडं भाऊ वेगळे निघले की रान वाटून घेतेत, पर विहीर वाटता येत नाय. ती सामायिक ठेवतेत अन् पाळी लावतेत. आठ दिवस याचं पाणी, आठ दिवस त्याचं. तसं करा. सहा महिने आशा तिकडं, सहा महिने इकडं."

दोन्ही भावांनी एकमेकांकडे पाहिलं. आठवड्यात प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. तोडगा चांगला होता.

"उन्हाळा माझ्याकडं," शिवराज म्हणाला. "तेव्हा तिथं छान असतं."

"मग दिवाळी माझ्याकडं," शिवम म्हणाला. "पण पोरांच्या परीक्षा मार्चात असतेत. मार्च पाहिजेच."

"एप्रिलपासून मी नेतो. जायचं-यायचं तिकीट?"

"ज्याची पाळी त्यानं न्यायचं," मामा म्हणाले. "विहिरीचा तसाच नियम हाय. मोटार ज्याची त्यानं लावायची. अन् गाळ काढायची वेळ आली तर खर्च दोघांत."

"गाळ म्हणजे?" श्रेयानं विचारलं.

"म्हंजे दुखणं-खुपणं. गुडघा बदलायचा निघाला, मोतीबिंदू निघाला. ते इकडंच काढा, स्वस्त पडतंय."

"मामा, त्या समोर बसल्यात," सुरेखा म्हणाली.

"बसल्यात म्हणूनच समोर बोलू राह्यलो. मागून बोललो असतो तर वाईट दिसलं असतं."

तोडगा सगळ्यांनाच थोडा थोडा सोयीचा होता, म्हणून सगळेच एकदम बोलायला लागले. श्रेया सहाऐवजी चार महिन्यांवर तोडू पाहत होती. सुरेखाला जानेवारी हवा होता, तेव्हा शाळेत स्नेहसंमेलन असतं. शिवम आणि शिवराज जूनवरून घासाघीस करत होते, आणि आवाज चढत असले तरी ते आता एकमेकांशी बोलत होते.

आशाबाईंना मात्र त्या गलक्यातही ते ऐकू आलं. पाणी सुटतं तेव्हा आधी नळातून हवा फुसफुसते, मग जिन्याखालच्या पाइपात गुरगुर होते. झोपेतसुद्धा त्यांना तो आवाज यायचा. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. उठायचं, जिन्याखाली जायचं, जुना नळ आधी थोडा सोडायचा, हवा जाऊ द्यायची, मग मोटारीचं बटण. हवा न जाऊ देता मोटार लावली की ती नुसती घूं घूं करते. हे त्यांनी मोटारींचा दुकानदार असलेल्या मुलालाही अनेकदा सांगितलं होतं, आणि तो दर वेळी "हो हो" म्हणाला होता.

त्या उठल्या नाहीत. का नाही, ते त्यांनाही लगेच कळलं नाही. आधी वाटलं, वाक्य पुरं होऊ दे, मग उठू. शिवराज म्हणत होता, "जूनचे पंधरा दिवस तुझे, पंधरा माझे." मग वाटलं, एवढे पाच जण आहेत, कोणाला तरी ऐकू येईल. मग त्यांनी हात गुडघ्यावरून काढून मांडीवर ठेवला आणि निवांत बसून ऐकू लागल्या. पाइपातलं पाणी आणि खोलीतली माणसं. दोन्ही जोरात चाललं होतं. त्यांना त्या गमतीत एक प्रकारचं सुख वाटलं, आणि कोणालाही न सांगता त्यांनी उरलेला गार चहा चवीनं पिऊन टाकला.

सुरेखाला एकदा वाटलं की सासूबाई गालातल्या गालात हसल्या. पण तेवढ्यात ऑगस्टचा वाद निघाला.

पाणी गेलं. बऱ्याच वेळानं शेजारच्या गच्चीवरून केसरबाईंचा आवाज आला.

"ओ आशाबाई, आज तुमची मोटार वाजली नाय. पाणी येऊन गेलं की वो. बरं नाय का?"

शिवम धावत जिन्याखाली गेला, तिथून गच्चीवर गेला, टाकीत डोकं घालून आला. हौद कोरडा, टाकीत वीतभर पाणी. पुढचा आठवडा तेवढ्यावर काढायचा होता, आणि घरात पाहुणे होते.

"आई, तुला ऐकू आलं नाही का?"

"आलं."

"मग?"

"बैठकीत बसले होते."

"अगं पण सांगायचं तरी."

"मधी बोलावं कसं? मामा बोलू राह्यले होते, तुमी बोलू राह्यले होते. तू तर इथं पडलं तर दहा जण धावतेत म्हणत होतास. मी म्हणलं, बघू, पाण्याला कोण धावतंय."

श्रेयाला हसू फुटलं आणि तिनं बाळ उठल्याचं निमित्त करून आत धाव घेतली. बाळ उठलं नव्हतं.

*

मामांना आपली बैठक हातातून निसटल्याचं कळत होतं. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी उशी सरळ केली. "आशा, आता तूच बोल. यांच्यानं होत नाय अन् माझी सुपारी संपली. तुला काय पाहिजे? खरं सांग. तिकडं तुला काही गोड लागलं का?"

आशाबाईंनी थोडा विचार केला. "खायला नाय गोड लागलं. भाज्यांना चव नाय. थंडी लई. बोलायला माणूस नाय. हा कामाला, ती कामाला. भांडी म्या इथंबी घासते, तिथंबी घासली. त्यात काय फरक नाय."

"बघा," शिवम म्हणाला.

"पर एक होतं." त्या थांबल्या. सांगावं की नाही असं त्यांना झालं. सांगितलं तर पोरं हसतील असं वाटलं, आणि मग हसू दे असंही वाटलं. "याच्या घरापुढं मोठा रस्ता हाय. चार पदरी. मालट्रक जातेत, केवढाले. तिथं खांबाला एक बटण हाय. ते दाबायचं. दाबलं की वर पिवळे दिवे लागतेत, अन् समद्या गाड्या थांबतेत. दोन्हीकडनं. ट्रकसुदिक. कोणी हॉर्न वाजवत नाय. मी जाईस्तोवर थांबतेत."

"हां, पेडेस्ट्रियन क्रॉसिंग," शिवराज म्हणाला.

"नाव मला ठाऊक नाय. पहिल्या दिवशी दूध आणायला गेले तवा श्रेयानं दाबलं. दुसऱ्या दिवशी म्या एकलीनं दाबलं. एक ट्रकवाला होता, ह्या उंचीचा. थांबला अन् हातानं मला, या म्हणला. म्या मधोमध गेले अन् मला काय झालं काय माहीत, हळूच चालले. जाणूनबुजून. तो थांबूनच राह्यला. पलीकडं गेले, वळले, परत बटण दाबलं."

"परत कशाला?"

"परत थांबतेत का ते बघायला."

"थांबले?"

"थांबले. मग रोजच जायचे. दुपारी भांडी झाली की स्वेटरवर जाड कोट घालून जायचे. चार-पाच खेपा करायचे, इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. पलीकडं काय काम नसायचं."

शिवराज आईकडे बघत राहिला. "तू म्हणायचीस चालायला जाते म्हणून."

"चालतच व्हते की."

कोणी हसलं नाही. हसायचं म्हणून मामांनी तोंड उघडलं होतं, पण बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहून ते मिटलं. "आता, रस्ता ओलांडायला एवढ्या लांब जायचं म्हणतीस?"

"व्हय," आशाबाई म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासून समद्यांच्या मधून वाट काढत चालले मी, दादा. पोरांचे वडील होते तवर त्यांचं झालं की माझं, पोरांचं झालं की माझं. माझ्यासाठी कोणी थांबल्यालं मला ठाऊक नव्हतं. लई बरं वाटतं ते. तुमाला नाय कळायचं."

सुरेखाला कळलं. सासू गेली तर नोकरी जाईल ही भीती तशीच होती, कणभरही कमी झाली नव्हती, तरी ती म्हणाली, "जाऊ द्या त्यांना."

"सुरेखा," शिवम म्हणाला.

"जाऊ द्या म्हणते ना. पत्तीचा डबा सापडलाय मला. बाकीचं तुम्ही शोधा."

*

टँकरवाल्याचा फोन लागत नव्हता. त्याचं ऑफिस रस्त्याच्या पलीकडे, टायरच्या दुकानाच्या बाजूला. शिवम चपला घालून निघाला तर मागून आशाबाई निघाल्या. मामांना सुपारी आणायची होती, ते निघाले. शिवराजला घरात बायकोसमोर बसायचं नव्हतं, तोही निघाला.

संध्याकाळची वेळ. रस्त्यावर रिक्षा, दुचाक्या, कंपन्यांच्या बसगाड्या, मधूनच उलटा येणारा एखादा टेम्पो, सगळे एकमेकांना हॉर्नवर हॉर्न देत निघाले होते. शिवम सवयीनं दोन दुचाकींमधून वाट काढायला निघाला आणि मागं वळून पाहतो तर आई कडेला उभी. नुसती उभी. पाऊल उचलत नव्हती, इकडंतिकडं बघत नव्हती. वाट बघत होती.

"आई, चल ना. असं थांबून कोणी जाऊ देत नसतं इथं."

"माहीत हाय," आशाबाई म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

शिवमला आठवड्याचा राग आला, पाण्याचा राग आला, भावाचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या विनिपेगच्या ट्रकवाल्याचा आला. तो रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. एक रिक्षा त्याच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबली. मागं दोन दुचाक्या एकमेकींना धडकल्या. शेंद्र्याहून कामगार घेऊन येणारी बस करकचून थांबली.

"अबे मरना है क्या?" रिक्षावाला ओरडला.

"रुक जरा," शिवम ओरडला. "माय चलली मेरी."

"तो क्या बारात है?"

"हां, बारात है. रुक."

हॉर्नांचा एकच कल्लोळ झाला. आशाबाई निघाल्या. घाई केली नाही. दोन्हीकडच्या गाड्यांकडे बघत, पदर सावरत, मधल्या खड्ड्याला वळसा घालून त्या पलीकडे गेल्या. तिथं वळल्या. शिवम अजून हात पसरून उभाच होता, घामानं निथळत, सगळ्या रस्त्याच्या शिव्या खात. आशाबाई परत निघाल्या. तशाच सावकाश. बसच्या खिडक्यांतून माणसं बाहेर बघत होती.

मधे येऊन त्या मुलापाशी थांबल्या. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. त्याला वाटलं, आपण जिंकलो. आशाबाईंनी पदरानं त्याचं कपाळ पुसलं.

"लई केलंस रे बाळा," त्या म्हणाल्या. "पर तिथं कोणाला असं ओरडावं लागत नाय."

मग कडेला उभ्या असलेल्या धाकट्याला त्या हॉर्नांच्या वरून ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "शिवराज, माझं तिकीट काढ."